क्रेटम अमेरिकेत लीगल आहे का? राज्याराज्यातले विक्रीचे नियम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅस स्टेशनच्या काउंटरवर एनर्जी ड्रिंकच्या शेजारी ठेवलेली हिरव्या पानाच्या चित्राची पाकिटं बऱ्याच जणांनी बघितली असतील. कोणाच्या मुलाने आणलेली असतात, कोणाचं स्वतःचं स्टोअर असतं आणि डिस्ट्रिब्युटर माल घ्या म्हणून मागे लागलेला असतो, कोणाला पाठदुखीवर मित्राने सुचवलेलं असतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच, हे कायद्यात बसतं का. उत्तर तुम्ही कुठे उभे आहात आणि पाकिटात नक्की काय आहे यावर ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहिलंय.

क्रेटम म्हणजे नक्की काय?

थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या पट्ट्यातलं एक उंच वाढणारं झाड, कॉफीच्या कुळातलं. तिकडचे मजूर उन्हातान्हात काम करताना थकवा जावा म्हणून याची पानं पिढ्यानपिढ्या चघळत आलेत. आपल्याकडच्या जंगलातला कळंब याच वंशातला, पण ते झाड वेगळं, त्यामुळे गावाकडे कळंबाची पानं तोडून प्रयोग करायला कोणी जाऊ नका. क्रेटमच्या पानातला मुख्य घटक मायट्रागायनीन, आणि अगदी थोड्या प्रमाणात सेव्हन-हायड्रॉक्सीमायट्रागायनीन, ज्याला दुकानदार लोक सेव्हन-ओएच म्हणतात. दोन्ही घटक मेंदूतल्या त्याच रिसेप्टरवर काम करतात जिथे अफूजन्य औषधं काम करतात. कमी घेतलं तर तरतरी, जास्त घेतलं तर गुंगी, आणि रोज घेत राहिलं तर सवय लागते. ही शेवटची गोष्ट पाकिटावर मोठ्या अक्षरात कोणी छापत नाही.

एका वाक्यात सांगा ना, लीगल की इल्लीगल?

एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. केंद्राच्या ड्रग यादीत क्रेटमचं पान नाही, काही राज्यांनी पूर्ण बंदी घातलीय, काही राज्यांनी वय-लेबल-टेस्टिंगचे नियम करून विक्रीला परवानगी दिलीय, काही ठिकाणी कायदाच नाही, आणि राज्यात चालत असलं तरी एखाद्या शहराने किंवा काउंटीने बंद केलेलं असू शकतं. म्हणजे तीन पातळ्या झाल्या, केंद्र, राज्य, स्थानिक. तिन्ही बघाव्या लागतात.

केंद्र सरकारने आजवर काय केलं?

बरंच काही सुरू केलं आणि मागे घेतलं. ऑगस्ट २०१६ मध्ये डीईएने, म्हणजे ड्रग कायदा राबवणाऱ्या केंद्राच्या खात्याने, जाहीर केलं की हे दोन्ही घटक आम्ही शेड्यूल १ मध्ये टाकणार, म्हणजे हेरॉइनच्या पंगतीत. त्यावर इतका गदारोळ झाला, वापरणारे लोक निदर्शनं करायला रस्त्यावर उतरले, दोन्ही पक्षांच्या खासदारांनी पत्रं लिहिली, की ऑक्टोबरमध्ये डीईएने नोटीस मागे घेतली आणि लोकांची मतं मागवली, ती २३ हजारांच्या वर आली. पुढे २०१७ मध्ये आरोग्य खात्याने पुन्हा शेड्यूल १ ची शिफारस केली, आणि २०१८ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून ती पण परत घेतली. डीईएने याला 'काळजी करण्याजोगे पदार्थ' अशा यादीत ठेवलंय. त्या यादीत असणं म्हणजे बंदी नव्हे, पण क्लीन चिट पण नव्हे.

मग २९ जुलै २०२५ ला नवीन वळण आलं. एफडीएने, म्हणजे केंद्राच्या अन्न-औषध खात्याने, शिफारस केली की सेव्हन-ओएचच्या कॉन्सन्ट्रेटेड मालाला कंट्रोल्ड सबस्टन्स करा, म्हणजे ड्रग कायद्याच्या यादीत घाला, आणि त्याच वेळी स्पष्ट सांगितलं की आमचा रोख नैसर्गिक पानावर नाही. मला तरी हा फरक केला हे योग्य वाटतं, कारण इतकी वर्षं दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने झोडपलं किंवा वाचवलं जात होतं. पण एफडीएची शिफारस म्हणजे कायदा नाही, पुढचं काम डीईएचं, त्यात प्रस्ताव, लोकांची मतं, अंतिम नियम असं सगळं येतं.

एफडीए तर म्हणतं क्रेटम विकणं कायदेशीर नाही, मग दुकानात कसं मिळतं?

हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. एफडीएचं म्हणणं असं की क्रेटम हे मंजूर औषध नाही, डाएटरी सप्लिमेंट म्हणून विकायला चालत नाही आणि खाण्यात मिसळायला पण चालत नाही. त्यासाठी बाहेरून येणारा माल बंदरावर अडवायची सूचना २०१४ पासून लागू आहे. पण हे झालं अन्न-औषध कायद्याखाली, ड्रग कायद्याखाली नाही. म्हणजे तुमच्या खिशात पाकीट आहे म्हणून केंद्राचे पोलीस तुम्हाला पकडणार नाहीत, पण 'याने डिप्रेशन बरं होतं', 'याने अफूचं व्यसन सुटतं' असं लिहून विकणाऱ्या कंपनीला वॉर्निंग लेटर जातं, माल जप्त होऊ शकतो. यातून सुटायला काही कंपन्यांनी पाकिटावर 'खाण्यासाठी नाही', 'फक्त सुगंधासाठी' असं छापायला सुरुवात केली. घेणारा खाणार हे विकणाऱ्याला माहीत, तरी असं छापायचं, आणि मग डोस किती, धोका काय हे काहीच सांगायची जबाबदारी नाही. गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त अंधारात ठेवणारी सोय हीच.

कोणत्या राज्यांत पूर्ण बंदी आहे?

अलाबामा, आर्कान्सा, इंडियाना, व्हरमाँट आणि विस्कॉन्सिन ही जुनी बंदीवाली राज्यं. इंडियाना आणि विस्कॉन्सिनने २०१४ च्या सुमारास केली, अलाबामा, आर्कान्सा, व्हरमाँटने २०१६ मध्ये. लुईझियाना बरीच वर्षं काठावर होतं, मग २०२५ मध्ये कायदा केला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तिथे बाळगणं पण गुन्हा झालं. उलट ऱ्होड आयलंडमध्ये २०१७ पासून बंदी होती, त्यांनी २०२५ मध्ये ती उठवून १ एप्रिल २०२६ पासून लायसन्स आणि नियमांखाली विक्रीचा कायदा पास केला. म्हणजे गाडी दोन्ही दिशांना धावतेय, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा नकाशा कोणी व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो बघून निर्णय घेऊ नका. राज्याच्या विधिमंडळाच्या साइटवर कायद्याचा मूळ मजकूर मिळतो, तोच बघायचा.

'कन्झ्युमर प्रोटेक्शन ॲक्ट' म्हणतात तो काय प्रकार आहे?

बंदी नको पण मोकळं रान पण नको, असा मधला रस्ता. २०१९ मध्ये युटाने पहिला केला, त्याच वर्षी जॉर्जिया, ॲरिझोना, नेवाडा. नंतर ओक्लाहोमा, कोलोरॅडो, ओरेगन, टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, साउथ कॅरोलायना, नेब्रास्का अशी यादी वाढत गेली. यामागे क्रेटमवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं मोठं लॉबिंग आहे हे लक्षात ठेवायला हवं, म्हणजे कायद्याचा पहिला खर्डा बऱ्याचदा धंद्याच्या बाजूने आलेला असतो. तरी कायदा वाचला तर त्यातली कलमं गिऱ्हाइकाच्या कामाची आहेत हे मान्य करावं लागतं.

युटाचा २०१९ चा कायदाच बघा. माल राज्याच्या कृषी खात्याकडे रजिस्टर करायचा, त्यात दुसरं कुठलं घातक ड्रग मिसळायचं नाही, लॅबमध्ये बनवलेला अल्कलॉइड (मायट्रागायनीन, सेव्हन-ओएचसारखा घटक) घालायचा नाही, एकूण अल्कलॉइडमध्ये सेव्हन-ओएच दोन टक्क्यांच्या वर जाता कामा नये, लेबल हवं, आणि १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही. बाकी राज्यांनी साधारण हाच साचा घेतला, कोणी टक्का कमी केला, कोणी वय वाढवलं, कोणी वेप करायचा माल बंद केला.

माझं मत विचाराल तर पूर्ण बंदीपेक्षा हा रस्ता बरा, पण अंमलबजावणी असेल तरच. काही राज्यांत कायदा पास झाला पण तपासायला माणसं नाहीत, पैसे नाहीत, तक्रार आली तरच बघतात. कायद्याचं नाव 'ग्राहक संरक्षण' असलं म्हणून प्रत्येक पाकीट कोणीतरी तपासलंय असं समजू नका.

सेव्हन-ओएचच्या गोळ्यांवर एवढा आरडाओरडा का?

कारण त्या गोळ्या म्हणजे पान नाही. सुकलेल्या पानात सेव्हन-ओएच नावालाच असतं. गोळ्यांसाठी मायट्रागायनीन काढून त्यावर रासायनिक प्रक्रिया करून सेव्हन-ओएच बनवतात आणि एका छोट्या गोळीत पानाच्या कितीतरी पट जास्त भरतात. मोहाचं फूल आणि मोहाची दारू यात जो फरक, तसा धरा. परिणाम बराचसा ओपिऑइडसारखा, म्हणजे अफूजन्य औषधांसारखा, सवय लवकर लागते, सोडताना त्रास जास्त.

याच्यावर राज्यांनी वेगाने पावलं उचलली. फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलने ऑगस्ट २०२५ मध्ये इमर्जन्सी नियम काढून कॉन्सन्ट्रेटेड सेव्हन-ओएच शेड्यूल १ मध्ये टाकलं, म्हणजे एका दिवसात दुकानातला माल गुन्ह्याचा माल झाला. ओहायोने पण डिसेंबर २०२५ मध्ये इमर्जन्सी नियमाने अशा मालावर बंदी आणली आणि साधं नैसर्गिक पान त्यातून वगळलं. दुकानदारांनी हे नीट समजून घ्या, फ्लोरिडात 'क्रेटम लीगल आहे' हे वाक्य खरं आहे आणि तरी शेल्फवरची गोळी तुम्हाला तुरुंगात नेऊ शकते.

किती वर्षांच्या माणसाला विकता येतं?

२०२५ अखेरचं सांगतो. २१ लागतं कोलोरॅडो, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, केंटकी, ओरेगन, टेनेसी आणि जॉर्जियात. जॉर्जियात आधी १८ होतं, १ जानेवारी २०२५ पासून २१ केलं आणि माल गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही हे पण घातलं. युटा, ॲरिझोना, नेवाडा, टेक्सास, इलिनॉयमध्ये १८. आयडी बघितल्याशिवाय द्यायचं नाही, 'रोजचं गिऱ्हाईक आहे' ही सबब चालत नाही.

राज्यात चालतं पण आमच्या गावात बंद आहे असं कसं?

होतं तसं. फ्लोरिडा राज्यात २१ च्या वर विक्री चालते पण सारासोटा काउंटीत बंदी आहे. कॅलिफोर्नियात राज्याचा ड्रग कायदा क्रेटमबद्दल गप्प, पण सॅन डिएगो शहराने २०१६ मध्येच बंद केलं. शिवाय २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने अन्न कायद्याचा आधार घेऊन क्रेटम आणि सेव्हन-ओएच घातलेले पदार्थ विकणं बेकायदेशीर आहे असं सांगत दुकानांवर कारवाई सुरू केली. इलिनॉयमध्ये आल्टन, एडवर्ड्सव्हिल, जर्सीव्हिल या गावांनी आपापली बंदी केलीय. मिसिसिपीत तर कितीतरी काउंट्यांनी. सिटी हॉलला फोन करून विचारणं हा सोपा उपाय आहे, लोक लाजतात, पण विचारण्यात काही गुन्हा नाही.

गाडीत असेल आणि दुसऱ्या राज्यात गेलो तर?

तिथला कायदा लागू. शिकागोकरांनी हे खास वाचा, कारण इलिनॉयमध्ये क्रेटम चालतं आणि उत्तरेला विस्कॉन्सिन, पूर्वेला इंडियाना, दोन्हीकडे बंद. वीकेंडला विस्कॉन्सिन डेल्सला मुलांना घेऊन निघालात, ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये कोणाचं तरी पाकीट पडलंय, स्पीडिंगसाठी गाडी थांबवली, की बॉर्डरच्या अलीकडे जे काहीच नव्हतं ते पलीकडे ड्रग बाळगण्याची केस होऊ शकते. तसंच अटलांटाहून आय-२० ने बर्मिंगहॅमकडे जाताना, किंवा ह्यूस्टनहून आय-१० ने न्यू ऑर्लिन्सला जाताना. बिल दाखवलं, 'मी टेक्सासमध्ये घेतलं' सांगितलं, तरी लुईझियानाच्या पोलिसाला त्याने काही फरक पडत नाही. अलाबामामध्ये अशा केसमध्ये लोक खरंच अडकलेत. ऑनलाइन मागवणाऱ्यांना पण हेच, वेबसाइटने ऑर्डर घेतली म्हणजे तुमच्या पत्त्यावर ते लीगल झालं असं नाही.

पाकिटावर काय बघायचं?

पुढची बाजू सोडून द्या, तिथे पान, हत्ती, 'रेड', 'ग्रीन', 'बाली', 'मेंग दा' अशी नावं असतात, त्यांना कायद्यात काही अर्थ नाही. पाकीट उलटं करा. मागे मायट्रागायनीन किती मिलिग्रॅम आणि सेव्हन-ओएच किती हे वेगवेगळं लिहिलंय का, एका वेळचं प्रमाण किती, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का, बॅच नंबर आहे का, क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करा आणि उघडलेल्या लॅब रिपोर्टवरचा बॅच नंबर पाकिटाशी जुळतो का बघा. बऱ्याचदा कोड कंपनीच्या होमपेजवर नेऊन सोडतो, किंवा भलत्याच बॅचचा जुना रिपोर्ट उघडतो. त्या क्षणी पाकीट परत ठेवायचं. एक आणखी, मागे घटकांमध्ये सेव्हन-ओएचचा आकडा मायट्रागायनीनपेक्षा मोठा दिसला, किंवा मायट्रागायनीनचा उल्लेखच नाही, तर ते पान नाही, ती वरची गोळीवाली भानगड आहे.

आमचं स्टोअर आहे, ठेवावं का? मार्जिन चांगलं आहे.

मार्जिन चांगलं आहे हे मान्य, डिस्ट्रिब्युटर तेच सांगत येतो. पण त्याला लेखी विचारा की हा माल या राज्यात रजिस्टर आहे का, असेल तर नंबर दे, लॅब रिपोर्ट दे, आणि कायदा बदलला तर माल परत घेशील का. बहुतेक वेळा 'सगळे ठेवतात' एवढंच उत्तर मिळतं. सगळे ठेवतात ते धाड पडल्यावर तुमच्या मदतीला येत नाहीत. दुकानाच्या इन्शुरन्स एजंटला पण विचारा, कारण गिऱ्हाइकाला काही झालं तर केस बनवणाऱ्यावर होते तशी विकणाऱ्यावर पण होते. फ्लोरिडात २०२३ मध्ये एका मृत्यूच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने विक्रेत्याला १.१ कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली.

आणि काउंटरवर जो उभा असतो तो बऱ्याचदा मालक नसतो, गावाकडून आलेला भाचा किंवा कामाला ठेवलेला माणूस असतो, आयडी न बघता दिलं म्हणून समन्स त्याच्या नावाने निघू शकतं. त्याला नियम शिकवल्याशिवाय हा माल दुकानात ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मी एच-वन किंवा एफ-वन व्हिसावर आहे, मला वेगळी काळजी घ्यायला हवी का?

हो. केंद्राच्या यादीत नसलेल्या पदार्थाची राज्यातली केस इमिग्रेशनमध्ये कशी मोजतात हा गुंतागुंतीचा विषय आहे, यावर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेलेत, आणि वकील चांगला असेल तर बचाव होऊ शकतो. पण व्हिसा फॉर्ममध्ये 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न आहेच, केस सुटली तरी उत्तर 'हो'च द्यावं लागतं, आणि मग स्टॅम्पिंगला मुंबई कॉन्सुलेटमध्ये कागदपत्रं घेऊन उभं राहावं लागतं. अटक झालीच तर गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, क्रिमिनल वकिलाला हा भाग माहीत असेलच असं नाही.

नोकरीच्या ड्रग टेस्टमध्ये दिसतं का?

नेहमीच्या पाच पदार्थांच्या टेस्टमध्ये नाही, मुद्दाम शोधणारी वेगळी टेस्ट असते. सैन्यात असाल तर विषयच संपला, तिथे मनाई आहे, राज्य कुठलंही असो.

खरंच माणसं मरतात का, की उगाच घाबरवतात?

दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगितलं जातं. सीडीसीने, म्हणजे केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेने, जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ मधल्या २७ राज्यांतल्या २७,३३८ ओव्हरडोस मृत्यूंची माहिती बघितली, त्यात १५२ जणांच्या शरीरात क्रेटम सापडलं आणि ९१ जणांत ते मृत्यूच्या कारणात धरलं गेलं. त्या ९१ मधल्या निम्म्याहून जास्त जणांत फेंटॅनिल हे जबर ओपिऑइड पण होतं. म्हणजे नुसत्या पानाने मरणं दुर्मिळ आहे पण शून्य नाही, आणि दारू, झोपेच्या गोळ्या, पेनकिलर यांच्याबरोबर घेणं फार धोक्याचं. मालाच्या स्वच्छतेचा प्रश्न वेगळाच, २०१८ मध्ये क्रेटममधून साल्मोनेला हे जंतू पसरून ४१ राज्यांत १९९ जण आजारी पडले, आणि माल परत घ्यायला नकार देणाऱ्या एका कंपनीवर एफडीएने पहिल्यांदाच सक्तीचा रिकॉल ऑर्डर काढला. हे आकडे सेव्हन-ओएचच्या गोळ्या बाजारात येण्याच्या आधीचे आहेत.

ज्या देशांतून येतं तिथे काय नियम आहेत?

थायलंडने १९४३ मध्ये बंदी घातली होती, ती ऑगस्ट २०२१ मध्ये उठवली, हजारो खटले निकाली निघाले, आणि २०२२ मध्ये वेगळा कायदा करून १८ खालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना विक्री बंद ठेवली. मलेशियात पॉयझन्स ॲक्टखाली येतं. इंडोनेशियात पश्चिम कालिमांतानमधले शेतकरी यावरच जगतात, अमेरिकेतला बहुतेक माल तिथलाच. ऑस्ट्रेलियात २००५ पासून बंद. सिंगापूरमध्ये कंट्रोल्ड ड्रग आहे.

सुट्टीत भारतात जाताना बरोबर नेऊ का? आईच्या गुडघ्यासाठी पाहिजे होतं.

नका नेऊ. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर अजिबातच नाही, तिथले ड्रग कायदे किती कडक आहेत हे सांगायला नको. मुंबईला कस्टमवाल्यासमोर लेबल नसलेली हिरवी पावडर उघडून दाखवायची वेळ आली तर ती काय आहे हे सिद्ध होईपर्यंत फ्लाइट, सुट्टी, मनस्ताप सगळं गेलं. आणि आईला बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्याबरोबर हे घेणं धोक्याचं ठरू शकतं. गुडघ्याचं ऑर्थोपेडिकला दाखवा.

मुलाच्या बॅगेत पाकीट सापडलं, काय करू?

आधी पाकीट उलटं करून बघा, पावडर आहे की सेव्हन-ओएचची गोळी. ओरडण्याच्या आधी विचारा की किती दिवस घेतोय, किती घेतोय, आणि बरोबर आणखी काय घेतोय. बरेच कॉलेजचे विद्यार्थी परीक्षेच्या काळात जागायला म्हणून सुरू करतात आणि दुकानात मिळतं म्हणजे सेफ असेल असं त्यांना मनापासून वाटत असतं. रोज घेत असेल तर एकदम बंद केल्यावर घाम, चिडचिड, झोप न येणं, अंगदुखी होऊ शकते, तेव्हा डॉक्टरला खरं सांगा, डॉक्टर पोलिसात देत नाहीत. झोपेतून उठत नाहीये, श्वास मंद झालाय, ओठ निळे पडलेत असं दिसलं तर लगेच ९११, आणि घरात नार्कॅनचा (ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणारा) नाकातला स्प्रे असेल तर द्या, तो फार्मसीत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. जागा आहे, बोलतोय, पण नुसती शंका आहे तर पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, आणि ॲम्ब्युलन्स आली किंवा हॉस्पिटलला जावं लागलं तर ते पाकीट बरोबर द्या, फेकून देऊ नका.